२०११ चं अलाबामा, आणि मधे उभा असलेला चॅपमन

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघांत, म्हणजे कॉलेज फुटबॉलमध्ये, सगळ्यात भक्कम बचाव कोणाचा, आणि जॉर्जिया सदर्नकडून २१ गुण खाणाऱ्या अलाबामाला तो मान कसा द्यायचा, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर तरीही २०११ चं अलाबामाच.

समोरच्यांना दिले सामन्यामागे सरासरी ८.२ गुण, जेमतेम १८४ यार्ड. गुण, एकूण यार्ड, धावून काढलेले यार्ड, पासने काढलेले यार्ड, चारही बाबतींत सगळ्यात कमी देणारे, देशात पहिले. हे आकडे कुठेही सापडतील. जॉश चॅपमन मात्र त्यांत सापडत नाही.

प्रशिक्षक निक सेबनचा ३-४ बचाव (पुढच्या रांगेत तिघे, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर) पुढच्या रांगेतल्या मधल्या खेळाडूवर, नोज टॅकलवर उभा होता, म्हणजे चॅपमनवर. चेंडूवाल्याला पाडणं हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. समोरच्या संघाच्या आघाडीच्या रांगेतला मधला सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड, दोघांना अंगावर घ्यायचं आणि जागा सोडायची नाही. दोघं त्याच्यात अडकले की मागच्या लाइनबॅकर डॉन्टा हायटावरला अडवायला कोणी उरत नसे. हायटावर पुढे येऊन पाडायचा, नाव त्याचं व्हायचं. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना चॅपमन हे करत राहिला. तो मोसम पुन्हा बघितलात तर पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघू नका, मधे काय चाललंय ते बघा.

आता जॉर्जिया सदर्न. त्यांनी ३०२ यार्ड धावून काढले, हा डाग मी पुसणार नाही. पण ते ट्रिपल ऑप्शन खेळायचे. त्यात एखाद्या बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडतात आणि तो कुठे वळतो ते पाहून क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, ऐन वेळी चेंडू कोणाला द्यायचा ते ठरवतो. असा खेळ क्वचितच समोर येतो आणि तयारीला मिळतो एक आठवडा. पुढच्याच आठवड्यात ऑबर्नने १४ गुण केले खरे, पण एक टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेऊन मिळणारे गुण) अलाबामाच्याच हातून तिथे सुटलेल्या चेंडूवर आणि दुसरा, खेळ सुरू करताना लाथाडलेला किकऑफचा चेंडू पळवत परतवून. बचावाने एकही दिला नाही.

एलएसयूकडून, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर ते ९-६ असे हरले, तेही ओव्हरटाइममध्ये, आणि टचडाउन न देता. ९ जानेवारी २०१२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामन्यात तीच अपराजित एलएसयू पुन्हा समोर आली. २१-०. एलएसयूचे सगळे मिळून ९२ यार्ड. मधली रेषा त्यांनी एकदाच ओलांडली, चौथ्या क्वार्टरमध्ये. तिथेही हायटावरने एलएसयूच्या क्वार्टरबॅकला, जेफरसनला गाठलं आणि चेंडू सुटला.