स्पॉन्सर लागत नाही, पण रांग चुकत नाही

एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: मुलगी २८ वर्षांची. अमेरिकेत बॅटरीतल्या घन इलेक्ट्रोलाइटवर पीएचडी करते, येत्या मे महिन्यात प्रबंध सादर होईल. नऊ शोधनिबंध, त्यातल्या चारांत तिचं नाव पहिलं. कंपन्या मुलाखत घेतात, शेवटी ‘व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ म्हणतात. एका सल्लागार कंपनीने सांगितलं की नोकरीशिवायही ग्रीन कार्ड मिळतं; ‘प्रोफाइल बिल्डिंग’सकट पॅकेज आहे, डिसेंबरच्या आत अर्ज टाकू, पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत निर्णय. डिसेंबरमध्येच मुलगी भावाच्या लग्नाला घरी येणार आहे आणि मुदत संपलेला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा तेव्हा नव्याने स्टॅम्प करून घेणार आहे. पैसे भरावेत का?

नमस्कार.

भरू नका. डिसेंबरच्या आत तर नाहीच. कंपनी खोटं बोललेली नाही, पण तिने निम्मंच सांगितलंय. तुमच्या मुलीला खरी गरज उरलेल्या निम्म्याची आहे.

आधी सांगितलेलं निम्मं बघू. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात दोन वाटा अशा आहेत जिथे कंपनीची सही लागत नाही, आय-१४० हा अर्ज उमेदवार स्वतःच करू शकतो. एक ईबी-१ए, ‘असाधारण क्षमता’ असलेल्यांची. दुसरी ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटातली नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे एनआयडब्ल्यू. तुमचं काम देशाच्या इतकं हिताचं आहे की नोकरीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला अमेरिकेतला माणूस मिळत नाही, असा दाखला) या अटी माफ, असं इथे सरकारने मान्य करायचं असतं. सरकारी फी ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला वर आणखी ३०० डॉलर. चांगल्या वकिलाची फी वेगळी, आणि ती द्यावी. पण तुम्ही लिहिलेली पॅकेजची रक्कम या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

एनआयडब्ल्यूचे सध्याचे निकष डिसेंबर २०१६ मधल्या ‘मॅटर ऑफ धनासर’ या निकालातून आले. अर्जदार एरोस्पेस इंजिनिअरिंगमधला संशोधक आणि शिक्षक होता. आधी नाकारलेला अर्ज अपिलात मंजूर झाला, म्हणून तो निकाल सगळे आनंदाने सांगतात. मी मात्र विद्यार्थ्यांना त्यातला कमी वाचला जाणारा भाग वाचायला लावतो. त्याच माणसाचं हायपरसॉनिक प्रॉपल्शनवरचं संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं आणि त्याचं शिकवणं ठरलं नाही. शिकवणं मोलाचं आहे हे मान्य झालं, पण त्याचा परिणाम वर्गाबाहेर, त्या क्षेत्रावर किती होतो, ते कागदावर दिसलं नाही.

तुमच्या मुलीच्या अर्जाचं यशापयशही इथेच ठरेल. ‘बॅटरी महत्त्वाची आहे’ हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. विषयाच्या महत्त्वावर अर्ज पास होत नाही. ती स्वतः पुढे नेमकं काय करणार, त्याचा फायदा तिच्या प्रयोगशाळेबाहेर कोणाला, आणि ते तिच्याच हातून होईल असं कशावरून मानायचं, हे विचारलं जातं. जानेवारी २०२५ पासून तर इमिग्रेशन खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतच यावर जास्त भर आहे. साइटेशन, म्हणजे तिच्या निबंधांचे दुसऱ्यांनी दिलेले संदर्भ, किती यापेक्षा ते कोणी केलं आणि कशासाठी हे सांगता आलं पाहिजे. गाइडने लिहिलेलं शिफारसपत्र हवंच, पण ज्याच्याशी तिची ओळखही नाही असा कोणी ‘हिची पद्धत आम्ही वापरली’ असं लिहीत असेल, तर त्या एका पानाचं वजन जास्त. असं कोणी आहे का, हे तिला विचारा. तुमच्या पत्रावरून मला ते कळलं नाही.

ईबी-१ए मध्ये दहांपैकी किमान तीन निकष लागतात, आणि पीएचडीवाल्यांना ते कागदावर सोपे वाटतात: शोधनिबंध, दुसऱ्यांच्या निबंधांचं परीक्षण, मौलिक योगदान. पहिले दोन बहुतेकांकडे असतात. तिसऱ्यावर गाडी अडते. २०१० मध्ये कझारियन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील कोर्टात खटला हरला तो नेमका दोनच निकष पुरे झाले म्हणून. शिवाय तीन भरले तरी अधिकारी पुन्हा सगळं एकत्र मांडून विचारतात, ही व्यक्ती खरंच क्षेत्राच्या अगदी वरच्या टोकाला आहे का? आज, २८व्या वर्षी, मला तिची ही बाजू कच्ची वाटते. तीनेक वर्षांनी कदाचित वाटणार नाही.

आता न सांगितलेलं निम्मं. अर्ज मंजूर होणं आणि ग्रीन कार्ड मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सर्वसाधारणपणे ७ टक्केच. इथे नागरिकत्व बघत नाहीत, जन्मदेश बघतात. (जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. स्थळं बघताना हा निकष लावू नये, ही विनंती.) रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात, म्हणजे ऑक्टोबर २०२५च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ची तारीख एप्रिल २०१३ होती. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी ज्यांनी नंबर लावला त्यांची पाळी तेव्हा आली. ईबी-१ची तारीख होती फेब्रुवारी २०२२. पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत निर्णय, असं तुम्हाला सांगितलंय ना? जास्तीची प्रीमियम फी भरली तर ते खरंही आहे. निर्णय तेवढ्यात लागतो. रांग तशीच राहते.

मग एनआयडब्ल्यू निरुपयोगी का? नाही. ते टोकन आहे. अर्ज दाखल झाला ती तारीख तिची ‘प्रायॉरिटी डेट’ ठरते आणि अर्ज मंजूर झाला की पुढे ईबी-१ए मिळाल्यास ती तिकडे नेता येते. शिवाय कधी एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळाला तर त्याची सहा वर्षांची मर्यादा मंजूर आय-१४०च्या जोरावर ओलांडता येते. पण नुसत्या या मंजुरीने काम करण्याची परवानगी मिळत नाही, अमेरिकेत राहण्याचीही नाही. त्यासाठी तिला वेगळा व्हिसा लागेलच.

आणि म्हणून डिसेंबर. एफ-१ हा ‘शिकून परत जाईन’ असं म्हणणाऱ्याचा व्हिसा आहे. आय-१४० भरणं म्हणजे ‘मला इथे कायम राहायचंय’ असं लेखी देणं. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तुमच्यासाठी इमिग्रंट पिटिशन (आय-१४० हे त्यातलंच) दाखल झालं आहे का, असा सरळ प्रश्न असतो आणि उत्तर खरंच द्यावं लागतं. आधी अर्ज, मग लगेच स्टॅम्पिंग, या क्रमाने गेली तर व्हिसा नाकारला जाण्याची मोठी शक्यता आहे, आणि प्रबंध अर्धा ठेवून ती घरी अडकेल. ‘आधी स्टॅम्प घेऊ, मग गुपचूप अर्ज टाकू’ अशी चलाखीही मी सुचवत नाही, मुलाखतीत दिलेलं उत्तर मागे लागू शकतं. तिकीट काढण्याआधी तिने इमिग्रेशनच्या वकिलाला एक तास द्यावा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातही विचारावं, तिथे पैसे पडत नाहीत. पॅकेजवाल्यांनी स्टॅम्पिंगचा विषयच काढला नाही, यावरूनच मला काय समजायचं ते समजलं.

‘प्रोफाइल बिल्डिंग’मध्ये विकत मिळणारे पुरस्कार, पैसे देऊन लेखकांच्या यादीत नाव, ऑर्डरप्रमाणे छापून येणाऱ्या मुलाखती असतात. तिला यातलं काहीही नको आहे. तिच्या नऊ खऱ्या निबंधांशेजारी एक विकतचा पुरस्कार ठेवला की अधिकारी बाकीच्या नऊंकडेही संशयाने बघणार. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते.

घाई नाही, हे मी कशाच्या बळावर म्हणतो? पदवीनंतर तिला ओपीटीचं, म्हणजे एफ-१ वरच काम करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष आणि विज्ञान शाखेचं म्हणून, मालक ई-व्हेरिफाय या कर्मचारी-पडताळणीच्या सरकारी यंत्रणेत असल्यास, आणखी दोन, अशी तीन वर्षं काम करता येईल. मुलाखतीत ही तीन वर्षं तिने स्वतःहून सांगावीत, ‘स्पॉन्सर लागेल का’ या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून थांबू नये. विद्यापीठांच्या एच-१बी अर्जांना लॉटरीतून जावं लागत नाही, तेव्हा पोस्टडॉकचाही (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचाही) विचार करावा. नव्या एच-१बी अर्जामागे एक लाख डॉलर मागणाऱ्या सप्टेंबर २०२५च्या आदेशाने तुम्ही घाबरला आहात. त्यानंतर आलेल्या सरकारी खुलाशाप्रमाणे अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ती रक्कम लागत नाही.

घड्याळ दुसरीकडे चालू आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर कायम वास्तव्य देणाऱ्या योजनेत, वयाचे पूर्ण गुण २९व्या वर्षापर्यंत, तिसाव्यापासून दर वर्षी घट. मार्च २०२५ पासून तिथे नोकरीच्या ऑफरचे जादा गुणच काढून टाकलेत, म्हणजे ऑफर नसलेली तुमची मुलगी त्या बाबतीत मागे नाही. इंग्रजीची परीक्षा आणि पदव्यांचं मूल्यांकन तिने याच वर्षी करून ठेवावं. ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसाही मालकाशिवाय मिळतो. रॉयल सोसायटी, रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांसारख्या संस्थांची मान्यता लागते, उदयोन्मुख संशोधकांसाठी वेगळी वाट आहे आणि विज्ञानातल्यांना तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. बारा वर्षांच्या रांगेशेजारी हे ठेवून बघा. जर्मनीचं चान्सनकार्टे तिला आत्ता नको. नोकरी शोधायला वर्षभर जाऊन राहण्याचा तो परवाना आहे, तिच्यापाशी त्याहून चांगले पर्याय आहेत.

पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं. पुढच्या पाच वर्षांत मी नेमकं काय करणार, हे एका पानात, संशोधनातली परिभाषा न वापरता लिहून जोडावं. ते पान जमलं तर एनआयडब्ल्यू कधी भरायचं ते ठरवू. तोवर लग्नाच्या तिकिटाचं वकिलाला विचारून घ्या, डिसेंबर जवळ आलाय.