अकाउंट्समधून डेटा अ‍ॅनालिस्टकडे : कव्हर लेटरमध्ये काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की अकाउंट्समध्ये काही वर्षं काढल्यावर आता डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करताय, तर कव्हर लेटर कुणी वाचतं का, आणि वाचत असतील तर त्यात लिहायचं काय. सोबतची जाहिरात आणि तुमचा मसुदा दोन्ही वाचले.

सगळेजण वाचत नाहीत, हे खरं. भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिल्या चाळणीला बहुतेकदा रिझ्युमेवरच निकाल लागतो. पण चार उमेदवार तोडीस तोड निघाले, किंवा रिझ्युमे बघून ‘ही व्यक्ती इकडे कशी काय?’ असं वाटलं, की पत्र उघडलं जातं. तुमच्या बाबतीत तसं वाटणारच. तेव्हा पत्र लिहाच, आणि तेवढ्याच शंकेचं उत्तर द्यायला लिहा.

आता मसुदा. सुरुवात अशी आहे : ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन. मी मेहनती, प्रामाणिक आणि सर्वांशी जुळवून घेणारी आहे.’ नाव बदलून हे कुठल्याही कंपनीला पाठवता येईल, आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. (मी आळशी आहे असं लिहिणारा उमेदवार अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.)

जाहिरात पुन्हा एकदा नीट वाचा. वेगवेगळ्या विभागांचा डेटा जुळवून रिपोर्ट वेळेवर देणं ही एकच गोष्ट त्यात तीन ठिकाणी आली आहे. म्हणजे त्यांचं घोडं तिथेच अडलंय. आणि तुम्ही मात्र शाखांच्या नोंदी जुळवण्याचं काम दोन दिवसांवरून अर्ध्या दिवसावर आणलं, हे पार शेवटी, जाता जाता सांगितलंय! ते वर आणा. साधारण असं :

‘आमच्या चार शाखांच्या नोंदी हाताने जुळवायला दर महिन्याला दोन दिवस जायचे. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत मी ते काम बसवलं, आता ते अर्ध्या दिवसात होतं. आकडे नोंदवण्यापेक्षा ते का बदलले हे शोधण्यात मला जास्त रस आहे, हे त्यातूनच लक्षात आलं, म्हणून एसक्यूएल शिकले.’

एवढ्यात तुम्हाला काय येतं, क्षेत्र का बदलताय आणि ते त्यांच्या कुठल्या उपयोगाचं, हे सगळं आलं. (पॉवर क्वेरी म्हणजे एक्सेलमधलं डेटा गोळा करून जुळवायचं साधन, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा.)

लिओनार्दो दा विंचीने 1482 च्या सुमारास इटलीतल्या मिलानची सत्ता हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, वेढ्याची तंत्रं, चिलखती गाड्या यांचीच रांग आहे. चित्रकला येते शेवटी, एखाद्या वाक्यापुरती. समोरच्याला काय हवंय ते आधी, स्वतःचा मोठेपणा मागाहून. फक्त त्याच्याइतकी मोठी यादी करू नका. एक काम, नीट सांगितलेलं, पुरतं.

बाकी किरकोळ. अडीचशे-तीनशे शब्द खूप झाले, एका पानाच्या वर तर नकोच. अर्ज ईमेलने असेल आणि वेगळी फाइल मागितली नसेल तर मजकूर ईमेलमध्येच टाका. फाइल मागितली असेल तर पीडीएफ, आणि नावात तुमचं नाव नि पद; ‘फायनल नवीन 2’ नको. जाहिरातीत संबंधित व्यक्तीचं नाव दिलं असेल तर स्पेलिंगसकट तसंच वापरा. जुन्या अर्जातलं दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जाणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो, पाठवण्याआधी तेवढं बघा. पगाराचं त्यांनी विचारलं तरच लिहा. नोटीस पिरियड एका ओळीत सांगितला तर बरं.

एआयकडून पूर्ण पत्र लिहून घेण्याच्या मी विरोधात आहे. तुमच्या चार शाखा त्याला माहीत नसतात, मग ते पुन्हा ‘नामांकित संस्थे’वरच येतं. व्याकरण तपासायला वापरा की.

आणि एसक्यूएल शिकल्याचं लिहिताय, तर मुलाखतीत दोन टेबलं जॉइन करायला, म्हणजे सामायिक रकान्यावरून जोडायला, सांगतील असं धरूनच जा. लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलमधल्या सगळ्या नोंदी राहतात) आणि इनर जॉइन (फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या राहतात) यांमधला फरक तुमच्या त्या शाखांच्याच उदाहरणावरून सांगता आला पाहिजे.