टुंग वाजलं की लगेच उत्तर द्यायलाच हवं का?

प्रश्न : माझी भाची पुण्यात सायकॉलॉजीत एमए करतेय, तिने प्रोजेक्टसाठी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलंय. दिवसातून पाच-सहा वेळा कधीही टुंग वाजतं आणि विचारतं, आत्ता काय करताय, गेल्या तासाभरात काय नवीन कळलं, काही विसरलात का. नेमके कणकेचे हात असतात तेव्हाच! सगळं रात्री एकदम भरलं तर काय बिघडतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बिघडतं ना! रात्री तुम्ही भराल ते दिवसभर घडलेलं नसेल, रात्री आठवलेलं असेल, म्हणजे जी स्मरणशक्ती तपासायचीय तिलाच साक्षीला उभं केल्यासारखं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये ते पुस्तकात मांडलं, काम जबरदस्तच, पण गॅसवर दूध ठेवून विसरणं ही वेगळी भानगड आहे आणि ती लॅबमध्ये घडत नाही. मग वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोजचे एक-दोन प्रसंग टिपून ठेवले, काय, कोण, कुठे, कधी असे, आणि नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. नुसती तारीख सांगितली तर जवळपास काहीच आठवेना, ‘काय घडलं’ हे सांगितल्यावर सगळ्यात जास्त आठवायचं. मला तर हे फार पटतं, 12 तारखेला काय केलं विचारा, कोऱ्या चेहऱ्याने बघू आपण.

मोबाइलमुळे हेच काम हजारो लोकांवर, घडत असतानाच करता येतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आयफोनवरून 2,250 जणांना असंच अधूनमधून विचारलं, तर जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच! रात्री फॉर्म भरताना हे कुणी कबूल केलं असतं का? वेळ ठरलेली नसते तीही मुद्दामच, नाहीतर माणूस आधीच तयारी करून बसतो.

एक गोची मात्र आहेच. ‘काय शिकलात’ विचारलं की तुम्ही ते आठवता, आणि आठवलं की ते आणखी पक्कं होतं, म्हणजे मोजता मोजता मोजायची गोष्टच बदलते. भाचीने याचा काय विचार केलाय ते तिला जरूर विचारा, गाइडही विचारणारच आहेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एखादं टुंग हुकलं तर खुशाल हुकू द्या, पण नंतर अंदाजाने भरू नका, रिकामी जागा परवडते, खोटी नाही. आणि ॲप लोकेशन, कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर कशाला ते विचारून मगच द्या, भाची असली तरी.