पिकियामध्ये मिथेनॉलचा फीड वाढवूनही एन्झाइम का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये पिकिया पास्टोरिस या यीस्टकडून फायटेज हे एन्झाइम बनवून घेताय, प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) एओएक्स१, जो मिथेनॉलने चालू होतो, स्ट्रेन मट-प्लस, म्हणजे मिथेनॉल पूर्ण वेगाने वापरणारा. मिथेनॉलचा फीड लिटरमागे ताशी ३.६ मिलिवरून १०.९ वर नेलात, पेशी वाढल्या, पण एन्झाइम होतं तिथेच राहिलं आणि डीओ, म्हणजे द्रवात विरघळलेला ऑक्सिजन, शून्यावर गेला. फीड अजून वाढवू का, असं विचारताय. नको, उलट खाली आणा.

आधी ऑक्सिजनचा हिशेब करा. १०.९ मिलि म्हणजे साधारण ८.६ ग्रॅम मिथेनॉल. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळायला दीड ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे लिटरमागे ताशी १३ ग्रॅमच्या आसपास. काही कार्बन पेशींच्या बांधणीत जातो, त्यामुळे खरी गरज याहून कमी. तरी नुसत्या हवेवर चालणाऱ्या छोट्या फर्मेंटरला एवढं झेपत नाही. मग मिथेनॉल साचत जातं. डीओ पडला म्हणून कोणी अॅजिटेशन (ढवळणं) वाढवलं की साचलेलं एकदम जळायला लागतं, त्यातून बनणारं फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पेशींना आवरेनासं होतं, पेशी मरून फुटतात आणि त्यांच्यातले प्रोटिएज (प्रथिनं कापणारे एन्झाइम) बाहेर येऊन तयार एन्झाइमच कापतात. तुमचं एन्झाइम बनतच नाहीये की बनून कापलं जातंय, हे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर बघा. मुख्य बँडखाली लहान तुकडे दिसले तर दुसरी शक्यता धरून चाला, आणि इंडक्शनचं (मिथेनॉल देऊन एन्झाइम बनवून घेण्याच्या टप्प्याचं) तापमान ३० वरून २५ अंशांवर आणून पाहा.

मिथेनॉल साचलंय का, हे तपासायला महागडा सेन्सर लागत नाही. डीओ २० टक्क्यांच्या वर स्थिर असताना पंप बंद करा आणि स्टॉपवॉच लावा. मिनिटाभरात डीओ १० टक्के उसळला तर पेशी आलेलं सगळं संपवताहेत. उसळायला वेळ लागला तर टाकीत शिल्लक आहे, फीड वाढवायचा नाही. डीओ शून्यावर असताना ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती केली जाते!

आता खरा मुद्दा. फीडने तुम्ही वाढीचा वेग ठरवता, आणि एन्झाइम त्या वेगाच्या मागे सरळ रेषेत येत नाही. समजा ३ लिटर ब्रॉथ (पेशींसकट द्रव) आहे आणि कोरड्या पेशी लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे एकूण १८० ग्रॅम. वाढीचा वेग ताशी ०.०२ हवा आणि मिथेनॉलवरची यील्ड (ग्रॅम मिथेनॉलमागे बनणाऱ्या कोरड्या पेशी) ०.४ धरली, तर ताशी ९ ग्रॅम मिथेनॉल लागेल, म्हणजे लिटरमागे ३.८ मिलि. तुमचा ३.६ चा आकडा जवळपास हाच आहे! मट-प्लस पिकिया मिथेनॉलवर ताशी ०.१४ पर्यंत वाढू शकतो, पण कितीतरी प्रथिनांसाठी त्याहून बराच कमी वेग जास्त फायद्याचा ठरतो, कारण घडी घालून प्रथिन बाहेर सोडण्याची यंत्रणा तेवढ्या घाईत चालत नाही. म्हणून ०.०१५, ०.०३ आणि ०.०६ अशा तीन वेगांवर एक्स्पोनेन्शियल फीड (पेशींसोबत वाढत जाणारा) देऊन तीन बॅच घ्या आणि दर ग्रॅम पेशीमागे ताशी किती युनिट (एन्झाइमच्या क्रियाशीलतेचं माप) मिळाले ते काढा. एका बॅचच्या शेवटच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

युनिट मोजताना एक फसगत हमखास होते. ओल्या पेशी लिटरला ४०० ग्रॅमवर गेल्या की ब्रॉथमध्ये सुपरनेटंट (पेशी काढून उरलेला द्रव) जेमतेम ६० टक्के उरतो. सुपरनेटंटच्या मिलिमागचे युनिट छान दिसतात, पण टाकीतलं एकूण एन्झाइम तेवढं नसतं. हिशेब नेहमी पूर्ण ब्रॉथवर करा.

ऑक्सिजन तरीही पुरत नसेल तर मिथेनॉलसोबत सॉर्बिटॉल हा दुसरा कार्बनस्रोत द्या. तो एओएक्स१ ला दाबत नाही, शिवाय उष्णताही कमी होते. ग्लिसरॉलही चालेल, पण अगदी मोजून, टाकीत साचू न देता. साचला की प्रमोटर झोपतो.

पंपाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. मिथेनॉलने नळी बदलते आणि कॅलिब्रेशन सरकतं. बाटली वजनकाट्यावर ठेवा आणि दर तासाला घटलेलं वजन लिहा. तीन बॅचचे आकडे इथे टाकलेत तर पुढचं बघू.