एकाच अध्यायातील दोन वचने

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत आपल्या घराला चिठ्ठीवर बायबलमधील यिर्मया 29:11 हे वचन मिळाले, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत; आपण ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले, आणि त्याच वर्षी आपले यजमान गेले. आता आपली दहावीतील कन्या विचारते की, 1 शमुवेलच्या 15व्या अध्यायात शौलाला इस्राएलाचा राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला असे लिहिले आहे आणि त्याच अध्यायात संदेष्टा शमुवेल म्हणतो की पस्तावायला देव काही मनुष्य नव्हे, तर यातले खरे काय मानायचे. त्यावर आपल्या नणंदबाई म्हणतात की घरात विश्वासच कमी पडला.

नणंदबाईंचे बोलणे आपण मनातून काढून टाकावे, हे मी प्रथम सांगते. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, तो काटा निघाला नाही, आणि तरीही 2 करिंथकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात त्याच्या विश्वासाला कोठेही बोल लावलेला नाही. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला आयुष्याची 15 वर्षे वाढवून मिळाली आणि आपल्या यजमानांना ती का मिळाली नाहीत, याचे उत्तर शास्त्र देत नाही. ते आपल्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कन्येचा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. त्या अध्यायाच्या 11व्या, 29व्या आणि 35व्या ओवीत मूळ हिब्रूतील क्रियापद एकच आहे, म्हणून भाषांतराला दोष देऊन आपली सुटका होत नाही. इतक्या जवळजवळ तीच गोष्ट म्हणणारा आणि नाकारणारा लेखक विसराळू नव्हता; त्याने दोन्ही वाक्ये जाणूनबुजून ठेवली, असे मला वाटते. ‘देव बदलत नाही’ हे कोणाला ऐकवले आहे ते पाहावे. शमुवेल ते शौलाला म्हणतो, ज्याला पापापेक्षा वडीलजनांसमोरील आपल्या मानाची काळजी अधिक होती. गणना 23:19 मध्ये तेच बालाक राजाला ऐकवले जाते, जो इस्राएलाला शाप मिळावा म्हणून जागा बदलून बदलून सात-सात वेद्या बांधत होता. देव लाच घेऊन फिरत नाही, असा त्या शब्दांचा रोख आहे. याउलट निनवे शहराचे लोक वाईट मार्ग सोडतात किंवा वासराची मूर्ती करणाऱ्या लोकांसाठी मोशे मध्यस्थी करतो, तेव्हा देव ठरवलेले अरिष्ट आणत नाही.

एवढ्याने सर्व जुळते असे मी म्हणणार नाही. एली याजकाच्या घराण्याला दिलेला निरंतरच्या सेवेचा शब्द देव 1 शमुवेल 2:30 मध्ये स्पष्टपणे मागे घेतो, आणि यिर्मयाच्या 18व्या अध्यायात कुंभाराच्या घरी तर तो सांगतो की, लोक वाईटाकडे वळले तर कबूल केलेल्या चांगल्याविषयीही मी विचार बदलीन. म्हणजे काही अभिवचने माणसाच्या वागण्याशी बांधलेली आहेत. अब्राहामाला शपथेने दिलेले अभिवचन इब्रीकरांस पत्राचा 6वा अध्याय न बदलणारे म्हणून त्यांपासून वेगळे काढतो.

आपल्या दुःखाचे मूळ मला आणखी एका ठिकाणी दिसते. आपण मंडळीत बायबलच्या ओवीलाही ‘वचन’ म्हणतो आणि दिलेल्या शब्दालाही ‘वचन’च म्हणतो, त्यामुळे चिठ्ठीवर निघालेली ओवी म्हणजे देवाने आपल्या घराला दिलेला शब्द, असे नकळत वाटू लागते. यिर्मयाचे ते शब्द यरुशलेमेहून बाबेलातील बंदिवानांना धाडलेल्या पत्रातले आहेत. खोटा संदेष्टा हनन्या दोन वर्षांत सुटकेची ग्वाही देत होता. यिर्मयाने मात्र घरे बांधा, बागा लावा, असे कळवले, आणि आपल्या भिंतीवरील ओवीच्या अगदी आधीच्या ओवीत 70 वर्षे लिहिली. ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाबेलातच मरण पावले असणार, आणि तरीही तो शब्द त्यांच्या लोकांविषयी खरा होता. आपल्या यजमानांच्या आयुष्याविषयी त्या ओवीत काही कबूल केलेले नव्हते, म्हणून ते मोडलेही गेलेले नाही. हे ऐकून दुःख हलके होईल असे मी म्हणत नाही. पण देवाने आपल्याला फसवले, हा घाव तरी त्यात राहू नये.

चौकट काढायची की ठेवायची, हे आपण दोघींनी ठरवावे. मात्र आज सायंप्रार्थनेत कन्येबरोबर 89वे स्तोत्र मध्ये न थांबता वाचावे. त्याच्या 34व्या ओवीत देव म्हणतो की मी दावीद राजाशी केलेला करार मोडणार नाही, आणि 39व्या ओवीत स्तोत्रकर्ता देवालाच म्हणतो की तू करार मोडलास. ती तक्रार कोणीही शास्त्रातून खोडली नाही. नंतर कन्येने आपला प्रश्न पाळकसाहेबांना स्वतःच्या तोंडाने विचारावा, आणि त्या वेळी आपण तिच्या शेजारी बसावे.

आपली,
ताई