वाफ काढायची की दवडायची?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय: "सासूबाई म्हणतात, भरल्या वांग्यांना दोन वाफा काढ. म्हणजे दोनदा झाकण उघडून वाफ बाहेर सोडायची का? आणि हल्ली सगळे 'दम द्या' म्हणतात, तो शब्द जास्त बरोबर का?"

नाही, बाहेर सोडायची नाही! 'काढणे' म्हणजे बाहेर टाकणे एवढंच डोक्यात बसलं की हा घोटाळा होतो. आपण म्हशीची धार काढतो, ताकातलं लोणी काढतो, दारात रांगोळी काढतो. यात टाकून काय देतो? वाफ काढणे म्हणजे भांड्यात वाफ तयार करणे, कोंडणे. ती सोडून देण्याला मराठीत वेगळं क्रियापद आहे, दवडणे. 'उगाच तोंडची वाफ दवडू नको' हे घराघरांत बोललं जातं. भाषेनं इतका चोख फरक ठेवलेला असताना आपण तो विसरावा, याचा मला मनापासून राग येतो.

'दम' फारसी आहे, अर्थ श्वास. दम लागणे, दम धरणे, दमा ही सगळी त्याचीच मंडळी. बिर्याणीच्या हंडीचं तोंड कणकेनं लिंपून ती निखाऱ्यावर ठेवतात, त्याला दमच म्हणावं, ते त्या रीतीचं नावच आहे. पण 'पोह्यांना दम द्या'? मराठीत दम देतात तो एखाद्याला धाकात ठेवायला. पोह्यांना वाफ काढतात.

आता खरी गोष्ट. वाफ आली संस्कृत 'बाष्प'वरून, आणि बाष्पाचे अर्थ दोन: ऊन वाफ आणि डोळ्यांतलं पाणी. प्राकृत बोलणाऱ्यांनी या एका शब्दाची दोन रूपं केली. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितानं आपल्या प्राकृत व्याकरणात नियमच सांगून ठेवलाय: अश्रू असतील तर 'बाह' आणि वाफ असेल तर 'बप्फ'. त्या बप्फाची मराठीत वाफ झाली, गुजरातीत बाफ. हिंदीत मात्र शेवटच्या अक्षरातला हकार, म्हणजे 'फ'मधला 'ह', उडी मारून पहिल्या अक्षरात गेला आणि भाप झाली. मराठी वाफ हिंदी भापेवरून आली असं ठासून सांगणारे लोक मला भेटतात. त्यांनी फक्त हकार कुठे आहे ते पाहावं. मराठीनं आणि गुजरातीनं तो जागचा हलू दिलेला नाही. मग उसनं कुणी घेतलं?

बाष्पाचे ते दोन अर्थ एकत्र बघायचे असतील तर कृष्णाकाठची काटेरी वांगी करताना बघावेत. आमच्या वाळव्याकडच्या घरी आजी कल्हईच्या पातेल्यात वांगी लावायची, दाण्याचं कूट आणि कांदा-लसणाची चटणी भरून. पातेल्यावर येळणी, म्हणजे काठाचं पसरट झाकण, ठेवून तिच्यात तांब्याभर पाणी ओतायची आणि पातेलं चुलीवरून वैलावर, म्हणजे चुलीच्या मंद आचेच्या जोडतोंडावर, सरकवायची. वरच्या पाण्यानं येळणी फार तापत नाही, म्हणून आतली वाफ तिच्या तळाला लागून थिजते आणि थेंब होऊन परत भाजीत पडते. रस्सा लागलाच तर येळणीतलं तेच गरम पाणी घालायचं. येळणी उचलताना ती पातेल्याच्या आत कलती धरायची. मी एकदा बाहेर कलती केली, थेंब चुलीत चर्रकन गेले आणि आजी रागावली, "रस सांडलास की सगळा!" तळाला लोंबणारे ते थेंब बघितले की एका शब्दात वाफ आणि आसू का मावले ते कळतं.

'वाफसा' हा शब्द मी याच घराण्यात धरतो. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ना चिखल ना कोरड, अशी अवस्था येते तो वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा होतो, सोडला की फुटतो. तो शब्द 'वप्' म्हणजे पेरणे या धातूवरून सांगणारे जाणकार आहेत. मला ते अजिबात पटत नाही. वाफसा काय फक्त पेरणीला लागतो? नांगरटीला, कोळपणीला, भांगलणीला, सगळ्यालाच वाफसा बघतात. पेरणी त्यातली एक. वाफा, म्हणजे भाजीचा, तो वप्-वरून खुशाल घ्या. पण पावसानंतर ऊन पडल्यावर काळ्या रानातून ऊन, दमट वाफ वर येताना ज्यानं पायाला अनुभवलीय, तो वाफसा पेरण्यावरून काढणार नाही. वरून झाकण, आत कोंडलेली ऊब, तेच पातेलं आहे ते.

तर ताई, दोन वाफा अशा: झाकण ठेवून मंद आचेवर वाफ भरू द्या. कडेनं फसफसू लागली की पहिली झाली. उघडून वांगी हलक्या हातानं परता, लगेच झाका. पुन्हा तशीच भरली की दुसरी. मग गॅस बंद करा आणि दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका.