"बाबा, आपण कोण आहोत?"

तुमचा प्रश्न असा : मुलांना आई-वडिलांचा धर्म वारशाने मिळतो, की ती तो स्वतः निवडतात? त्याला जोडून एक पोटप्रश्नही तुम्ही टाकलाय : मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याला कुठलाच धर्म देऊ नये का?

माझी मुलगी सात वर्षांची असताना एकदा चित्र रंगवता रंगवता म्हणाली, "बाबा, आपण कोण आहोत?" म्हटलं, म्हणजे काय? तर वर्गात सगळ्यांनी आपापला धर्म सांगितला होता आणि हिला सांगता आला नव्हता. मी सांगितला. एक शब्द. तिने मान डोलावली, पिवळा खडू ठेवून हिरवा घेतला, आणि विषय संपला. याचा अर्थ काय, दुसरा मिळेल का, असलं काही तिने विचारलं नाही. आपलं आडनाव कळावं तसा धर्म कळला.

मी मात्र त्या 'आपण'वर बरेच दिवस अडकून राहिलो. 'मी कोण' असं तिने विचारलंच नव्हतं. त्या वयात धर्म म्हणजे देवाबद्दलचं मत नसतं, आपली माणसं कोणती याचं उत्तर असतं. मत बदलता येतं. माणसं बदलायची म्हटलं की पोटात गोळा येतो.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मिळतो तो वारशानेच. निवड नंतर येते, आलीच तर. आणि ती किती मोकळी, हे लहानपणी काय शिकवलं यापेक्षा सोडून जाणाऱ्याला काय मोजावं लागतं यावर ठरतं.

आकडे बघा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२५ साली ३६ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या माणसांना दोनच गोष्टी विचारल्या : लहानपणी कुठल्या धर्मात वाढलात, आणि आज स्वतःला काय म्हणवता? भारत, इस्राएल, नायजेरिया, थायलंड या देशांत ९५ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांची दोन्ही उत्तरं एकच होती. दक्षिण कोरियात निम्म्या लोकांची वेगळी निघाली. स्पेनमध्ये ४० टक्के, नेदरलँड्समध्ये ३६, अमेरिकेत २८. आता कोरियातली माणसं जास्त विचारी आणि थायलंडमधली मेंढरं, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने दोन्हीकडच्या चार माणसांशी बोलून बघावं. फरक माणसांत कमी, आजूबाजूला जास्त आहे. एका ठिकाणी धर्म सोडला तर आई चार दिवस गप्प बसते. दुसऱ्या ठिकाणी लग्न, वारसाहक्क, शेजार, कधी कधी जीवसुद्धा पणाला लागतो. जिथे बाहेर पडणं स्वस्त, तिथे लोक पडतात, आणि बरेचसे दुसऱ्या धर्मात जात नाहीत, 'कुठलाच नाही' या रकान्यात जातात.

यावर कुणी म्हणेल की श्रद्धा रक्तातच असते. थोडी असतेही, पण वेगळ्या अर्थाने. अमेरिकेतल्या मिनेसोटात जुळ्या पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००५ साली आला. लहानपणीच्या धार्मिकतेतल्या फरकांत जनुकांचा वाटा १२ टक्के आणि घरच्या वातावरणाचा ५६ टक्के निघाला. मोठेपणी जनुकांचा ४४ झाला आणि घराचा १८ वर आला. लहानपणचं त्यांना आठवून सांगायला लावलं होतं, तेव्हा हे आकडे सोनाराच्या काट्यावर तोललेले समजू नका. पण कल गमतीचा आहे. लहानपणी घर सांगेल तेवढं मूल धार्मिक असतं, मोठेपणी स्वतःच्या स्वभावाइतकं. कुठला धर्म, हे मात्र कुठल्याच जनुकात लिहिलेलं नाही. कळवळून प्रार्थना करणारा स्वभाव वारशाने मिळू शकतो. प्रार्थना कुणाची करायची, ते पाळण्याचा पत्ता ठरवतो.

खुद्द धर्मांचंही यावर एकमत नाही. परंपरागत ज्यू कायद्यात आई ज्यू असली की मूल ज्यू. अमेरिकेतल्या सुधारणावादी ज्यूंनी १९८३ साली वडिलांकडूनही चालेल असं ठरवलं, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. याउलट दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहून गेला की ख्रिस्ती माणूस जन्मत नाही, घडतो. हे त्याला म्हणणं सोपं होतं, कारण तो स्वतः मोठेपणी ख्रिस्ती झालेला होता. त्याच्यानंतर शंभर-दोनशे वर्षांत ख्रिस्ती घरात जन्मणाऱ्यांचीच गर्दी झाली आणि तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, ही सर्रास गोष्ट झाली.

ही गोष्ट इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते, आणि मला तरी या सगळ्या विषयात हीच सर्वात रंजक वाटते. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकमध्ये काही तरुणांनी असं धरलं की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, माणसाने जाणत्या वयात स्वतः मागून घ्यावा. १५२५च्या जानेवारीत त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. नगर परिषदेने याला देहदंड ठेवला, आणि जानेवारी १५२७ मध्ये फेलिक्स मान्झ या त्यांच्यातल्या एकाला हातपाय बांधून लिम्मत नदीत बुडवलं. पाण्याचा हट्ट धरणाऱ्याला पाण्यातच मारायचं, असला तो न्याय. म्हणजे 'धर्म निवडायचा असतो' या वाक्यासाठी माणसं मेलेली आहेत.

पुढच्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाचंही असंच. चर्चचं पूर्ण सभासदत्व हवं तर स्वतःला झालेला श्रद्धेचा अनुभव सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचा, असा त्यांचा नियम. पहिल्या पिढीला काही अडचण आली नाही, ती त्या अनुभवासाठीच समुद्र ओलांडून आली होती. मुलं तिथेच वाढली, सज्जन निघाली, पण त्यातल्या बऱ्याच जणांना सांगण्यासारखा अनुभवच येईना. मग त्यांच्या बाळांचं काय? १६६२ साली धर्मसभा भरली आणि मधला मार्ग निघाला : आई-वडील पूर्ण सभासद नसले तरी बाळाला बाप्तिस्मा द्यायचा. निवडून घेतलेला धर्म तिसऱ्या पिढीला पुन्हा वारसा झाला, तोही ठराव करून.

आपल्या जवळचं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. जन्म कुठल्या धर्मात झाला हे माझ्या हातात नव्हतं, पण त्या धर्मात मरणार नाही, हे त्यांनी १९३५ साली येवल्यात जाहीर केलं. प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १९५६ साली नागपुरात. मधली एकवीस वर्षं वाचन, तुलना, लोकांशी बोलणी. 'धर्म निवडणं' हे शब्द शंभर टक्के लागू पडावेत अशी इतिहासात फार थोडी उदाहरणं असतील, त्यातलं हे एक. आणि त्या दिवशी दीक्षा घेतलेल्यांच्या पोटी पुढे जन्मलेली मुलं? ती जन्माने बौद्ध. एका पिढीने एवढा विचार करून केलेली निवड दुसऱ्या पिढीला पाळण्यातच मिळाली. यात फसवणूक काही नाही. पण ही निवड या मुलांनी स्वतः केली, असंही म्हणता येत नाही.

तुम्ही कदाचित म्हणाल, मग मुलांना जाणत्या वयापर्यंत थांबवणारे झ्युरिकवाल्यांचे वारस तरी मोकळे असतील. अमेरिकेतल्या आमिश लोकांकडे बघा, आधुनिक कपडे, मोटारी यांपासून लांब, आपल्या वस्तीत राहणारा हा ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा साधारण अठरा ते बावीसच्या सुमाराला, तोही स्वतः मागितला तर. त्याआधी तरुणांना बरीच सूट असते, कुणी जीन्स घालतं, कुणी गाडी चालवून बघतं. बाप्तिस्म्याआधी निघून गेलं तर नात्यात कडवटपणा येतो, पण बहिष्कार पडत नाही. घेतल्यावर सोडलं तर बहिष्कार. कागदावर याहून स्वच्छ निवड मिळायची नाही. तरी ८५ टक्क्यांच्या आसपास मुलं बाप्तिस्मा घेतात. का घेणार नाहीत? शाळा आठवीला संपलेली, येणारं काम शेतीचं नाहीतर सुतारकीचं, झोपेत बोलतात ती बोली बाहेर कुणाला कळत नाही, आणि ज्यांच्याशी लग्न करावंसं वाटतं ती सगळी आतच. दार उघडं आहे, बाहेर पायरी नाही.

हे प्रकरण १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. विस्कॉन्सिन राज्यातल्या आमिश पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नाकारलं, आणि न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस अंशतः वेगळे पडले. त्यांचं म्हणणं एवढंच की इथे राज्य आणि पालक भांडतायत, पण ज्याची शाळा जाणार त्या मुलाला कुणी विचारलं का? त्या मुलांपैकी फक्त एका मुलीची साक्ष झाली होती, आणि तिने घरचीच बाजू घेतली होती. डग्लस यांनी तिच्यापुरता निकाल मान्य केला. ती साक्ष मी मनात बऱ्याचदा उलटसुलट केलीय. ती मुलगी काही खोटं बोलली नसणार. पण 'हो, मला हेच हवंय' हे वाक्य मोकळ्या मनाचं की दुसरं काही माहीत नसल्याचं, हे बाहेरून ओळखायचं कसं?

आणि त्याहून अवघड गोष्ट एदगार्दो मोर्तारा या मुलाची. इटलीतलं बोलोन्या शहर, १८५८. सहा वर्षांचा ज्यू मुलगा. तो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा मरेल या भीतीने घरातल्या मोलकरणीने गुपचूप त्याला बाप्तिस्मा दिला होता. पोपच्या राज्यात कायदा होता की ख्रिस्ती मूल बिगरख्रिस्ती घरात वाढता कामा नये. शिपाई आले आणि मुलाला रोमला घेऊन गेले. युरोपभर बोंब झाली, पोपने ऐकलं नाही. १८७० साली रोम इटलीच्या ताब्यात आलं तेव्हा एदगार्दो एकोणीस वर्षांचा होता. आता घरी जायला कायदा आडवा येत नव्हता, वडील न्यायला आले होते. तो गेला नाही. पाद्री झाला, १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला, आणि आपलं जे झालं ते भल्याचं झालं असंच शेवटपर्यंत सांगत राहिला.

एकोणिसाव्या वर्षी त्याने जे केलं ती निवड होती का? माझं मन म्हणतं, नाही, बारा वर्षं घडवलेल्या मुलाची ती निवड कसली. पण मग लगेच टोचतं : त्याला बारा वर्षं पोपने घडवलं, माझ्या मुलीला मी घडवलं. त्याला चोरून नेलं होतं, हा फरक प्रचंड आहे. पण घडवण्याची रीत तीच, रोज, प्रेमाने, थोडं थोडं.

प्रेमाने हा शब्द उगाच नाही वापरला. दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० पासून साडेतीनशेच्या वर कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या माग ठेवला गेला. धर्म पुढच्या पिढीत जातो की नाही हे शिस्तीपेक्षा जिव्हाळ्यावर जास्त अवलंबून दिसलं, आणि त्यातही वडिलांशी असलेल्या जवळिकीवर. हे वाचून मला आधी बरं वाटलं, मग जरा घाबरायला झालं. म्हणजे मी मुलीशी जितका चांगला वागेन तितकी तिची निवड माझ्याकडे झुकलेली असणार. यावर उपाय म्हणून वाईट वागायचं की काय?

तुमच्या पोटप्रश्नाला उत्तर यातच आहे. अठरापर्यंत 'काहीच नाही' असं देताच येत नाही. मेल्यावर माणसाचं काय होतं, हे मूल चौथ्या-पाचव्या वर्षी विचारतं. अठरावं लागेपर्यंत थांब, असं सांगता येतं का? तुम्ही जे सांगाल, 'मला माहीत नाही' हेसुद्धा, तो त्याचा वारसा. धर्माविना वाढवलेली बरीच मुलं पुढे धर्माविनाच राहतात, तेही आई-वडिलांचंच पुढे नेत असतात.

कायद्यांनी यातून वाट काढली आहे ती वयाच्या पायऱ्यांनी. जर्मनीत १९२१ पासूनचा कायदा सांगतो की बाराव्या वर्षानंतर मुलाला त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्मात वाढवता येत नाही, आणि चौदाव्या वर्षी धर्म त्याचा त्याने ठरवायचा. स्वित्झर्लंडमध्ये हे वय सोळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम धर्मस्वातंत्र्य मुलाचं म्हणतं आणि पालकांना मार्गदर्शनाचा हक्क देतं, तोही मुलाची समज वाढेल त्या मानाने. मला जर्मन कायदा आवडतो. चौदा हे वय बरोबर आहे म्हणून नव्हे. आई-बापाला दिवस मोजायला लावतो म्हणून.

माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्यात ही प्रार्थना आहे ना, तिच्या दुसऱ्या ओळीचा अर्थ काय?" तुमच्यात. त्याच टेबलापाशी, त्याच खुर्चीत बसून. 'आपल्यात' अशी दुरुस्ती अगदी जिभेवर आली होती, ती घासाबरोबर गिळली. अर्थ सांगायला गेलो तर लक्षात आलं की ती ओळ मी चाळीस वर्षं म्हणत आलोय, अर्थ मलाही ठाऊक नाही. तिने फोनवर शोधला आणि मला वाचून दाखवला.